मशीन बंद झाल्यानंतर: स्तनाच्या कॅन्सरवरच्या रेडिएशनचं एक प्रकरण

रेडिएशन संपल्याला अकरा दिवस झाले होते, तेव्हा या बाई ओपीडीत आल्या. सोबत मुलगी. डावा हात अंगापासून लांब धरलेला, काखेत गळू झालेला माणूस धरतो तसा. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी तुम्हीच बघून 'कातडी छान आहे' म्हणालात. मग घरी गेल्यावर कशी जळली? त्या दिवशी डोस जास्त पडला का?"

डोस जास्त पडला नव्हता. पण तो पडला असावा असं त्यांना वाटलं, यात चूक त्यांची नव्हती. पुढच्या दीड वर्षात असा प्रसंग आणखी दोनदा आला. तिन्ही वेळा मूळ त्रास आटोक्यातला होता. तो कधी येणार हे कुणी न सांगितल्यामुळे जी भीती आणि जी धावपळ झाली, ती मात्र आटोक्यात राहिली नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि एक-दोन गोष्टी दुसऱ्या पेशंटच्या अनुभवातून इथे जोडल्या आहेत.

आधीची हकीकत

वय ५६. शाळेत शिक्षिका, डावखुऱ्या, तंबाखूचा कधीच संबंध नाही. डाव्या स्तनात वरच्या बाजूला, काखेकडे, २.६ सेंटिमीटरची गाठ. बायोप्सीत इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दूधनळीत सुरू होऊन आजूबाजूला घुसलेला कॅन्सर, ग्रेड ३, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), हर-२ नावाच्या प्रथिनासाठी निगेटिव्ह. स्तन राखून गाठ काढली आणि काखेतल्या ग्रंथीही काढल्या. १४ पैकी ३ ग्रंथींमध्ये कॅन्सर सापडला. त्यानंतर केमो: डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडचे ४ डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, असे १२ आठवडे. केमो त्यांनी न कुरकुरता पार पाडली. माझ्याकडे आल्या तेव्हा डोक्यावर बोटभर केस परत आले होते.

पहिलाच प्रश्न बहुतेक जणी विचारतात तोच. "गाठ काढली, केमो झाली, आता शेक कशाला?" स्तन राखायचा तर उरलेल्या स्तनात नजरेला न दिसणाऱ्या पेशी राहिलेल्या असू शकतात, आणि अशा आजारात तिथे रेडिएशनला पर्याय नाही. २०११ साली १७ चाचण्यांमधल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली गेली. स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन दिलं तर दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर आलं होतं आणि पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर. मी हे आकडे कागदावर लिहून दाखवते. या बाईंनी कागद उलटा करून स्वतः वजाबाकी केली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. घेते."

हात वर जाईना

प्लॅनिंगच्या सीटीसाठी दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात, कारण किरणं बाजूने, तिरकी, छातीला घासून जातात; हात खाली राहिला तर तो त्यांच्या वाटेत येतो. बाईंचा डावा हात खांद्याच्या जरा वर जाऊन अडकला. काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी हाताला लागत होतं. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर असे दोरे बऱ्याच जणींना येतात, आणि व्यायामाने ते सुटतात. केमोच्या महिन्यांत व्यायाम मागे पडला होता. "केमो चालू असताना हात हलवायचा नाही असं वाटलं," त्या म्हणाल्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण उलटही कुणी सांगितलं नव्हतं.

प्लॅनिंग दहा दिवस पुढे ढकललं. फिजिओथेरपिस्टने त्यांना भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला. रोज बोटं कुठवर पोचली तिथे पेन्सिलची खूण करायची. दहाव्या दिवशी हात डोक्यामागे गेला. दुखत होतं, पण गेला.

डावी बाजू म्हणजे हृदयाचा प्रश्न आला. त्यात डॉक्सोरुबिसिन आधीच झालेलं, आणि ते औषध स्वतःच हृदयाच्या स्नायूवर ताण आणतं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या स्त्रियांच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. "इतक्या डोसपर्यंत काही होत नाही" अशी सुरक्षित रेषा त्यात सापडली नाही. म्हणून हृदय जितकं बाहेर ठेवता येईल तितकं ठेवायचं. त्यासाठीची युक्ती साधी आहे: पेशंटने खोल श्वास घेऊन रोखून धरायचा. फुफ्फुस फुगलं की हृदय खाली आणि मागे सरकतं, छातीच्या भिंतीपासून लांब जातं, आणि मशीन फक्त तेवढ्या वेळापुरतं चालू होतं. वर्गात तीस वर्षं आवाज चढवलेल्या बाईंना वीस सेकंद श्वास धरणं अवघड गेलं नाही. त्यांच्या प्लॅनमध्ये साध्या श्वासावर हृदयाचा सरासरी डोस ४.१ ग्रे येत होता, श्वास रोखून १.९.

डोस ठरला तो असा: पूर्ण स्तन आणि हसळीच्या हाडावरचा भाग मिळून १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे, आणि गाठ जिथे होती त्या जागेला आणखी ५ सिटिंगमध्ये १० ग्रे. एकूण वीस दिवस. पूर्वी नुसत्या स्तनालाच पाच आठवडे, २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे देत. कमी दिवसांत थोडा जास्त रोजचा डोस देऊन तेवढाच गुण येतो हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाल्यावर ती पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली.

एक आकडा तेव्हाच माझ्या डोळ्यांत खुपला होता. हसळीवरचा भाग घेतला की फुफ्फुसाचा शेंडा किरणांत येतोच. डाव्या फुफ्फुसाच्या २८ टक्के भागाला २० ग्रे किंवा त्याहून जास्त डोस मिळत होता. मर्यादेत होता, पण अगदी कडेला. फाइलमध्ये मी तशी नोंद केली. पेशंटला मात्र त्याचा अर्थ सांगितला नाही.

वीस दिवस आणि नंतरचे अकरा

पहिले दहा दिवस काही झालं नाही. मग गुलाबी झाक, खाज, स्तनात मधूनच टाचणी टोचल्यासारखी कळ. दुपारी गळून गेल्यासारखं व्हायचं. त्यांनी शाळेतून अर्धी रजा घेतली. शेवटच्या सिटिंगला कातडी लाल होती पण अखंड होती. आमच्या मोजपट्टीवर ग्रेड १. मी "छान आहे" म्हणाले आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली.

इथे चूक झाली. सिटिंग संपली म्हणजे परिणाम संपले असा अर्थ त्यांनी घेतला, आणि कुणीही घेईल. प्रत्यक्षात कातडीचा सगळ्यात वाईट काळ सिटिंग संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी येतो. कातडीच्या तळच्या थरात नव्या पेशी तयार होतात आणि साधारण चार आठवड्यांत वर येऊन झडतात. किरणांनी मार बसतो तो या तळच्या थराला. वरचे थर तयारच असतात, ते आपल्या गतीने झडत राहतात, म्हणून सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग एक दिवस वरचा साठा संपतो आणि खालून भर आलेली नसते. गोदामात माल आहे तोवर कारखाना बंद पडल्याचं दुकानात कळत नाही, तसं.

बाईंचा स्तन मोठा होता. स्तनाखालच्या घडीत कातडी कातडीवर टेकते. मशीनमधून निघणारे जोरदार किरण अगदी वरच्या कातडीला थोडं सोडून आत गेल्यावर पूर्ण डोस देतात, ही एरवी सोयीची गोष्ट. घडीत मात्र वरची घडी खालच्या कातडीसाठी झाकणाचं काम करते, आणि खालच्या कातडीला तो "आत गेल्यावरचा" डोस मिळतो. त्यात घाम आणि घासणं. म्हणून जखम होते ती घडीत आणि काखेत. मशीन बिघडलं असतं तर जखमेने अशी जागा निवडली नसती.

त्या दिवशी नर्सने ड्रेसिंग रूममध्ये स्तन हलक्या हाताने उचलला. घडीत पांढरा लगदा साचला होता, ओल्या खडूसारखा. घडी कोरडी राहावी म्हणून बाईंनी टाल्कम पावडर भरली होती, दिवसातून चारदा. शिवाय तीन आठवडे त्या भागाला पाणी लावलं नव्हतं. किरणांची जागा दाखवणाऱ्या कातडीवरच्या खुणा पुसल्या जातील म्हणून पाणी लावायचं नाही, असं प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या पेशंटने सांगितलं होतं. सलाइनचे बोळे ठेवून, भिजवून, तो लगदा सोडवायला वीस मिनिटं लागली. बाई छताकडे बघत होत्या आणि मोठ्याने पाढे म्हणत होत्या. सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत गेल्या. लगद्याखाली लालभडक, ओलसर, सुमारे सहा सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद अशी पट्टी होती, कातडीचा वरचा थर गेलेला. ग्रेड २. पू नव्हता, ताप नव्हता.

उपचार साधेच. न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग, दिवसाआड बदलायचं. आंघोळीआधी अर्धा तास वेदनाशामक. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने न घासता टिपायचं. ओल्या जखमेवर पावडर नाही. रेडिएशनच्या काळात सौम्य साबणाने धुतल्याने त्रास वाढत नाही, हे तपासून बघितलेलं आहे. उलट न धुणाऱ्यांनाच जास्त सोसावं लागतं. तरीही "पाणी लावू नका" हे जुनं वाक्य अजून कुठेकुठे ऐकू येतं, आणि ते सांगणारे सगळे पेशंटच असतात असंही नाही. तीन आठवड्यांत कातडी भरली. पहिल्या सिटिंगपासून मोमेटासोन या स्टेरॉइड मलमाचा पातळ थर लावला असता तर हे थोडं सौम्य झालं असतं. त्यांना ते आम्ही लाली आल्यावर सुरू केलं होतं.

खोकला

लेट्रोझोल, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी, सुरू झाली, सांधे थोडे धरायला लागले, पण बाई शाळेत परतल्या. दहाव्या आठवड्यात कोरडा खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंगात कसकस, जिना चढताना धाप. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं दिलं. तीन आठवडे गेले. छातीचा एक्सरे काढला, त्यात डाव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला डाग.

शेंड्याचा डाग म्हटलं की पहिली शंका क्षयाची. कॅन्सरच्या पेशंटला डाग म्हटलं की दुसरी शंका आजार पसरल्याची. दोन्ही शब्द बाईंच्या कानावर एकाच संध्याकाळी पडले. त्या रात्री त्यांनी मुलीला कपाटाच्या किल्ल्या आणि बँकेची कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवून ठेवलं. हे मला पुढे मुलीने सांगितलं. बाई कधी बोलल्या नाहीत.

त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. रेडिएशन संपून तीन महिने झालेल्या बाईचा खोकला आणि तिचं रेडिएशन यांचा संबंध जोडायचा तर आधी तो संबंध असू शकतो हे माहीत हवं, आणि आमच्या डिस्चार्ज पेपरवर त्याचा एक शब्द नव्हता.

तेराव्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. बसल्या जागी ऑक्सिजन ९६ टक्के, कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवल्यावर ९२. छातीत फारसं काही ऐकू येत नव्हतं. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी नाही ना हेही त्यातच बघून घेतलं. गुठळी नव्हती. शेंड्याला आणि छातीच्या पुढच्या भिंतीलगत धुरकट पांढरा पट्टा होता. त्या पट्ट्याची कड सरळ होती, जवळजवळ पट्टीने आखल्यासारखी. जंतूंचा आजार फुफ्फुसाच्या नैसर्गिक कप्प्यांच्या हद्दी पाळतो किंवा विस्कटून पसरतो. पसरलेला कॅन्सर बहुधा गोल ठिपक्यांनी दिसतो. सरळ रेषेत निसर्ग काही फारसं करत नाही. सरळ रेषा किरणांना आकार देणाऱ्या मशीनच्या झडपांची.

डोसचं गणित बघणाऱ्या आमच्या फिजिसिस्टने नवा सीटी जुन्या प्लॅनिंगच्या सीटीवर बसवला आणि डोसच्या रेषा चालू केल्या. पांढरा पट्टा २० ग्रेच्या रेषेच्या आत मावला. मी स्क्रीन बाईंकडे वळवला. त्यांनी चष्मा चढवला, बोटाने ती रेषा हवेत गिरवली आणि विचारलं, "म्हणजे हे तुमचंच काम?"

"हो ताई. आमचंच."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटकाच म्हणायचं. कॅन्सर परतला नाही, हे एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

याला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात. जंतूंशिवाय येणारी फुफ्फुसाची सूज. बहुतेकदा रेडिएशननंतर एक ते सहा महिन्यांत येते. नुसत्या स्तनाला किरणं दिली तर क्वचित. हसळीवरचा भाग जोडला तर प्रमाण वाढतं, आणि आधी झालेलं पॅक्लिटॅक्सेलही धोका वाढवणाऱ्यांत धरतात. चित्र इतकं बोलकं असूनही स्टेरॉइड लगेच सुरू केलं नाही. चुकून क्षय असेल तर स्टेरॉइडने तो भडकतो. कोरड्या खोकल्यात थुंकी निघत नाही, म्हणून मिठाच्या पाण्याची वाफ देऊन ती काढली आणि क्षयाची तपासणी केली. निगेटिव्ह. मग प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, दोन आठवडे, आणि पुढे हळूहळू कमी करत न्यायचं. सोबत रक्तातल्या साखरेवर लक्ष.

चौथ्या दिवशी खोकला निम्म्यावर आला. इतका लवकर गुण आला हीच पुढची अडचण ठरली. चौथ्या आठवड्यात चेहरा सुजायला लागला, वर्गातली मुलं काहीतरी कुजबुजली, आणि बाईंनी गोळ्या एकदम बंद केल्या. आठ दिवसांत खोकला परत, पहिल्यापेक्षा जोरात. स्टेरॉइड घाईने थांबवलं की या आजारात हे बऱ्याचदा बघायला मिळतं. शिवाय शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, तो धोका वेगळाच. पुन्हा ३० मिलिग्रॅमपासून सुरुवात, आणि या वेळी दहा आठवड्यांत कमी करायचं वेळापत्रक मुलीने फ्रिजवर चिकटवलं. सहा महिन्यांनंतरच्या सीटीत धुरकटपणा जाऊन तिथे बारीक वण राहिला होता. तो कायमचा राहील. त्याने धाप लागत नाही.

घड्याळाचा पट्टा

तिसरा प्रसंग छोटा, आणि या वेळी बाई आमच्या पुढे होत्या. वर्षभराने त्यांच्या लक्षात आलं की डाव्या मनगटावरचं घड्याळ एक भोक पुढे गेलंय. खडू धरला की संध्याकाळपर्यंत हात जड. त्या लगेच आल्या. कोपराच्या दहा सेंटिमीटर वर टेपने मोजलं: डावा हात उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटरने जाड. लिम्फेडीमा, म्हणजे लसिकेचा (पेशींभोवतालच्या पातळ द्रवाचा) निचरा अडल्याने येणारी सूज.

याचं खापर सगळं रेडिएशनवर फोडता येत नाही. मुख्य कारण काखेतल्या ग्रंथी काढणं. किरणांनी उरलेल्या वाटा आणखी अरुंद होतात. काखेची शस्त्रक्रिया आणि त्याऐवजी काखेला रेडिएशन यांची तुलना करणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत पाच वर्षांनी हाताची सूज शस्त्रक्रियेनंतर २३ टक्के आणि रेडिएशननंतर ११ टक्के स्त्रियांत दिसली होती. या बाईंच्या वाट्याला दोन्ही आलेलं.

लवकर आल्याने काम सोपं झालं. तीन आठवडे पट्ट्या बांधणं आणि निचऱ्याचा मसाज, मग मापाची दाब देणारी बाही. "वजन उचलायचं नाही ना?" त्यांनी विचारलं. वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलणाऱ्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट आजार उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. बाईंनी अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. फरक आता एक सेंटिमीटरवर स्थिर आहे.

आता

या प्रकरणानंतर आमच्या युनिटमध्ये दोन गोष्टी बदलल्या. शेवटच्या सिटिंगनंतर दहाव्या दिवशी नर्स फोन करते आणि घडीचा फोटो मागवते. ज्यांना फोटो काढून पाठवणं संकोचाचं वाटतं त्यांना बोलावून घेते. आणि डिस्चार्ज पेपरवर आता परिणामांपुढे तारखा असतात. पूर्वी "त्वचा लाल होणे, खोकला, हाताला सूज" अशी ओळ होती, जी वाचून काहीच कळत नाही. आता त्या पेशंटच्या शेवटच्या तारखेपासून मोजून लिहितो: अमुक ते अमुक तारखेत कातडी सोलू शकते. अमुक महिन्यापर्यंत कोरडा खोकला आला तर हा कागद डॉक्टरांना दाखवा. त्या ओळीखाली, ज्यांच्या फुफ्फुसाचा आकडा कडेला आहे, त्यांचा आकडा मी हाताने लिहिते.

दोन वर्षांच्या तपासणीला बाई आल्या. मॅमोग्राम स्वच्छ. स्तन उजव्यापेक्षा थोडा लहान आणि घट्ट झालाय, जुन्या जखमेच्या जागी कातडी किंचित काळपट. त्यांनी पर्समधून वही काढली. एका पानावर तिन्ही प्रसंग आणि तिन्ही तारखा लिहिलेल्या, खाली बरीच जागा मोकळी सोडलेली.

"अजून काय काय यायचं राहिलंय ते आत्ताच सांगून टाका," त्या म्हणाल्या. "मी लिहून घेते."

मी सांगत गेले. गाठीच्या जागी बारीक लाल केशवाहिन्या दिसतील, त्या निरुपद्रवी. स्तन आणखी थोडा आक्रसेल. त्या बाजूच्या बरगडीवर दाबलं तर वर्षानुवर्षं दुखू शकतं. क्वचित खोकताना बारीक तडाही जातो. हृदयाचा हिशेब लांबचा, म्हणून रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा काटेकोर. कातडीवर जांभळट चट्टा किंवा गाठ उठली आणि ती वाढत राहिली तर, कितीही वर्षांनी असली तरी, दाखवायची. फार दुर्मिळ गोष्ट, पण दाखवायची. त्या लिहीत होत्या, डाव्या हाताने, बाही कोपरापर्यंत चढवलेली.

"हसळीवर दिलं होतं ना," त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिथे गळ्यात काही नसतं का?"

थायरॉइड असतं. किरणांच्या कडेला येतं आणि पुढच्या काही वर्षांत मंदावू शकतं. ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मी टीएसएचची, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीची, चिठ्ठी लिहून दिली.